वाटेचा हक्क

महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या अगदी दक्षिण टोकाशी, वेंगुर्ले तालुक्यातील चिपी-परुळ्याच्या सड्यावर, एक विमानतळ उभा आहे. त्याची धावपट्टी अडीच हजार मीटर लांबीची असून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तो एका खाजगी कंपनीकडून बांधून घेतला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि मुंबईहून अलायन्स एअरचे सत्तर आसनांचे विमान तेथे उतरले. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखाली ही सेवा सुरू झाली होती. या योजनेत विमानातील निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवावयाचे, सुमारे तासाभराच्या प्रवासास अडीच हजार रुपयांच्या आसपास घ्यावयाचे आणि त्यामुळे कंपनीस येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यावयाची, असा करार असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही तीन वर्षे भरली आणि मुंबईची ती सेवा थांबली. पुढे दुसऱ्या कंपनीच्या छोट्या विमानांनी या धावपट्टीवर ये-जा केली. परंतु मूळ करार संपताच मूळ सेवा थांबली, एवढी गोष्ट तिच्यामागील विचार उघड करण्यास पुरेशी आहे.

या घटनेची चर्चा वर्तमानपत्रांतून बहुधा राजकीय अंगाने होते. कोणाच्या कारकिर्दीत विमान आले, कोणाच्या कारकिर्दीत गेले, यावर शाई पुष्कळ खर्च पडते. आम्हांस येथे त्या वादात शिरावयाचे नाही. या घटनेच्या पोटात एक जुना आणि गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि वाचकांनी आमच्याबरोबर त्याचा शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. प्रश्न असा की, जे दूर राहतात त्यांचे जवळ राहणारे काय देणे लागतात? आडबाजूच्या मुलखास वाट करून देणे हा त्या मुलखावर केलेला उपकार आहे, की त्याचे फेडावयाचे ऋण आहे? उपकार असेल तर तो तीन वर्षांनी थांबविण्यास कोणाची हरकत नसावी, कारण दात्याचा हात दात्याच्या मर्जीने पुढे येतो आणि मर्जीनेच मागे जातो. ऋण असेल तर मात्र ते फिटल्यावाचून हात मागे घेता येणार नाही.

प्रथम 'दूर' या शब्दाचाच विचार करू. कोणताही मुलूख निसर्गतः दूर नसतो, कोणाच्या तरी वाटेच्या हिशेबाने तो दूर ठरतो. वेंगुर्ल्याचेच उदाहरण घ्या. सतराव्या शतकात तेथे डच व्यापाऱ्यांची वखार होती. हजारो कोस सागर ओलांडून आलेल्या त्या लोकांना वेंगुर्ले आडबाजूला वाटले नाही. एकोणिसाव्या शतकात आंबोलीच्या घाटाने बेळगावचा माल बैलगाड्यांतून वेंगुर्ल्याच्या बंदरी उतरत असे. आमच्या बेळगावकर वाचकांच्या पणजोबांच्या दृष्टीने समुद्र म्हणजे वेंगुर्लेच होते. मग १८८० नंतरच्या दशकात मुरगावपर्यंत लोहमार्ग झाला, मालाने आपली वाट बदलली आणि तेच बंदर, तोच समुद्र व तीच माणसे पाहता पाहता 'दूर' झाली. बंदर आपल्या जागेवरून तसूभरही हलले नव्हते. हलली होती ती वाट.

गोमंतकीय वाचकांना याहून बोलके उदाहरण ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या छप्पन्न-सत्तावन्न सालाकडे आज मागे वळून पाहिले तर काय दिसते? भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती आणि पोर्तुगीज सत्तेने दाबोळीस विमानतळ उभारून कराचीशी व थेट लिस्बनशी हवाई संबंध जोडला होता. पेडण्याच्या माणसास हाकेच्या अंतरावरील सावंतवाडी दुर्गम झाली आणि सात समुद्रांपलीकडील राजधानी कागदोपत्री जवळ आली. १९६१ च्या डिसेंबरात ती सत्ता गेली आणि वाडी पुन्हा जवळ आली. मैल तेवढेच राहिले. तात्पर्य, दूरपण हे भूगोलाचे कमी आणि मनुष्याच्या निर्णयांचे अधिक असते. आणि जे मनुष्याच्या निर्णयाने घडते, त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारीही मनुष्यावरच येते.

या प्रश्नास आमच्या व्यवसायातून एक दृष्टांत सुचतो. कोकणात वाटपाचे दावे चालविणाऱ्या प्रत्येक वकिलास तो परिचित असेल. बापाची एकत्र जमीन मुलगे वाटून घेतात. थोरल्याच्या वाट्यास रस्त्याकडचे भात-कुणगे येतात, धाकट्याच्या वाट्यास व्हाळाकडचा आतला तुकडा येतो. तीनही बाजूंनी परक्यांचे गडगे आणि चौथ्या बाजूस थोरल्याचे शेत. वाटपपत्रात वाटेविषयी एक अक्षरही नसते. मग एके दिवशी दोन जावा भांडतात, थोरला भाऊ बेडे घालून वाट बंद करतो आणि म्हणतो, "वाट दिली होती ती माझ्या भलेपणाने दिली होती." हा भलेपणाचा दावा कायदा मान्य करीत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे तेरावे कलम असे सांगते की, एकत्र मिळकतीचे वाटप झाले असता एकाच्या वाट्याचा उपभोग घेण्यास दुसऱ्याच्या वाट्यावरील सुविधा आवश्यक असेल, तर त्या सुविधेवर त्याचा हक्क आहे. धाकट्याची वाट ही थोरल्याची देणगी नव्हे. मिळकत एकदा एक होती, या वस्तुस्थितीतूनच ती उगवलेली असते.

या कलमामागचा न्याय खोल आहे. जे एकेकाळी एकत्र होते ते वाटून घेताना कोणीही दुसऱ्यास कोंडून ठेवणार नाही, असे कायदा गृहीत धरतो. राष्ट्र म्हणजे तरी काय? ते एक अविभक्त घराणेच आहे. त्याचा महसूल एका तिजोरीत जमतो, त्याची बंदरे, लोहमार्ग व विमानतळ सर्वांच्या पैशाने बांधले जातात, आणि मग कोठे काय उभारावयाचे हे ठरताना कोणाच्या वाट्यास रस्त्याकडचा कुणगा येतो, कोणाच्या वाट्यास व्हाळाकडचा. मुंबईस जे वैभव लाभले त्यात सिंधुदुर्गातून गिरणीत व गोदीत गेलेल्या चाकरमान्यांचा घाम आहे. ज्या घराण्याच्या समाईक कष्टांनी पुढचे शेत पिकले, त्याच घराण्याच्या मागच्या शेताकडे जाणारी वाट बंद करताना थोरल्याने आपल्या भलेपणाची भाषा वापरू नये.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. फ्रान्सच्या नागरी संहितेचे ६८२ वे कलम कोंडलेल्या जमिनीच्या मालकास शेजाऱ्याच्या भूमीतून वाट मागण्याचा हक्क देते. तेथे मिळकत पूर्वी एक असण्याची गरज नाही, परंतु शेजाऱ्यास होणाऱ्या नुकसानीच्या प्रमाणात भरपाई द्यावी लागते. आमच्या कायद्यातील आवश्यकतेची वाट ही भावाची वाट आहे, तेथील वाट ही शेजाऱ्याची वाट आहे. दोहोंचा गाभा एकच की, कोणालाही कोंडून ठेवता येत नाही. परंतु भाऊ विनामूल्य वाट देतो आणि शेजारी मोबदला घेऊन देतो. एका राज्यातील दूरचा जिल्हा हा भाऊ आहे. त्याच्या वाटेचा खर्च सर्वांनी वाटून घेणे ओघाने येते. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा याच न्यायाने केंद्राने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५ आणि गोवा व केरळ यांनी प्रत्येकी ६ टक्के भांडवलाचा भार उचलला होता, आणि १९९८ च्या जानेवारीत तो मार्ग सर्वत्र खुला झाला. तो मार्ग आमच्या भागांस कोणी दान म्हणून दिला, असे आज कोणी म्हणत नाही.

आता आक्षेपांकडे वळू, कारण आक्षेप प्रामाणिक आहेत आणि त्यांस बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप असा की, विमान ही श्रीमंतांची चैन आहे. गरिबाची वाट म्हणजे एस्. टी. आणि रेल्वे, सरकारने आपला पैसा तेथे व रुग्णालयांवर खर्च करावा. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. सुविधाधिकाराच्या कायद्यातही आवश्यकता आणि सोय यांत काटेकोर भेद केलेला आहे. दुसरी वाट असताना केवळ जवळची म्हणून कोणी वाट मागेल तर न्यायालय ती देत नाही. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण आजवर मोठ्या संख्येने गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयाकडे धावत आले आहेत. अशा जिल्ह्यात रुग्णालय आणि विमान यांपैकी एकच निवडावयाचे असेल तर आम्ही रुग्णालयाच्या बाजूने मत देऊ आणि त्याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

तथापि विमानाची प्रत्येक गरज ही चैनच असते, असे म्हणणेही खरे नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलास पहाटे गावाहून फोन येतो की, वडील गेले. रेल्वेने तो रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचणार. तोवर देह ठेवावा की दुसऱ्या कोणाकडून अग्नी द्यावा, हा प्रश्न अंगणात जमलेल्या भाऊबंदांना सोडवावा लागतो. अशा दिवशी दोन तासांत पोहोचविणाऱ्या वाटेस चैन म्हणणारा मनुष्य धन्य होय. तो मुलगा श्रीमंत असण्याची गरज नाही, वर्षातून एकदा अडीच हजार रुपये काढू शकणारा असला म्हणजे झाले. भाड्यास मर्यादा घालण्यामागील न्याय हाच होता की, ज्याची निकड मोठी आणि खिसा लहान, त्यालाही ही वाट चालता यावी.

दुसरा आक्षेप संख्येचा आहे. थोड्या लोकांसाठी पुष्कळांनी पैसे का द्यावेत? 'उडान' योजनेत तुटीची रक्कम मोठ्या शहरांमधील विमानफेऱ्यांवर बसविलेल्या अधिभारातून उभी राहते आणि काही हिस्सा राज्य सरकार देते. म्हणजे मुंबई-दिल्ली प्रवास करणारा चिपीच्या प्रवाशासाठी थोडे अधिक मोजतो. याचे उत्तर असे की, वाटेच्या हक्काचे माप चालणाऱ्यांच्या गर्दीवरून ठरत नाही. धाकट्या भावाच्या शेतात एकच मजूर जात असला म्हणून वाट बंद करता येत नाही. शिवाय दूरच्या मुलखात गर्दी नसते, कारण तेथे वाट नसते. आणि वाट नसते, कारण गर्दी नसते. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी कोणी तरी प्रथम तोटा सोसला पाहिजे. तो सोसण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी अधिक, त्याने तो सोसावा.

येथपर्यंत आमच्याशी सहमत होणारे वाचकही विचारतील, सरकारने तीन वर्षे तोटा सोसला, आणखी किती सोसावा? अनुभव काय सांगतो तो पाहू. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार या योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ हवाई मार्ग देण्यात आले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते अवघे ५४. अर्थात चिपीची कथा एकट्या चिपीची नाही. टेकू काढताच पुष्कळ घरे खाली बसली.

या आकड्यांवरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की, जे मार्ग टिकले नाहीत त्यांची गरजच नव्हती. आम्हांस हा तर्क सदोष वाटतो. मार्ग टिकला नाही यावरून त्यात नफा नव्हता एवढेच सिद्ध होते. नफा नसणे आणि गरज नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. देवळातील नंदादीपाची गोष्ट घ्या. आपल्या पूर्वजांनी नंदादीपासाठी जमीन लावून दिली तेव्हा तीन वर्षांनी दिवा स्वतःच्या बळावर जळेल, अशी अट घातली नव्हती. दिव्यास तेल लागतेच. म्हणून तेलाची सोय कायमची केली. जो दिवा स्वतःचा खर्च भागवील अशी अपेक्षा असते, तो दुकानातला दिवा होय. तेव्हा सरकारने प्रथम हे ठरवावे की, आपण नंदादीप लावीत आहोत की दुकान थाटीत आहोत.

आणि सुविधाधिकाराचा कायदा या ठिकाणी पुन्हा वाट दाखवितो. त्याच अधिनियमाचे ४१ वे कलम सांगते की, आवश्यकता संपली की आवश्यकतेचा सुविधाधिकारही संपतो. वाटेचा हक्क गरजेबरोबर मावळतो, दिनदर्शिकेबरोबर मावळत नाही. अमेरिकेने १९७८ मध्ये विमानकंपन्यांवरील बंधने उठविली तेव्हा लहान गावांची सेवा तुटू नये म्हणून दहा वर्षांपुरती सरकारी साहाय्याची तरतूद केली होती. दहा वर्षांनी गरज संपली नव्हती, म्हणून मुदत वाढविण्यात आली आणि १९९६ मध्ये ती तरतूद कायम करण्यात आली. व्यापारी वृत्तीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या देशासही मुदत आणि गरज यांतील फरक कळला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परंतु गरज हीच कसोटी म्हणावयाची तर ती आमच्याही विरुद्ध लावून पाहिली पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरात पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. सावंतवाडी व दोडामार्गच्या माणसाला मोपा हाताशी आहे. मग त्याच्यापुरती चिपीची आवश्यकता संपली काय? न्यायबुद्धीने उत्तर द्यावयाचे तर त्याच्यापुरती ती बरीचशी संपली, असे म्हटले पाहिजे. मालवण, कणकवली, देवगड यांच्यापुरती मात्र ती तशी संपलेली नाही. आणि मोपाची वाट ही शेजाऱ्याची वाट आहे, हेही विसरून चालणार नाही. गोवा हा आमचा सख्खा शेजारी. भाषेने, देवाने व सोयरिकीने आम्ही एकमेकांत गुंतलेलो आहोत. तथापि शेजाऱ्याने वाट दिली म्हणून भावाचे कर्तव्य संपत नाही. महाराष्ट्राने आपल्या जिल्ह्याची सोय गोव्याच्या अंगणातून लावून मोकळे होणे शोभणारे नाही. तसेच करावयाचे असेल तर निदान त्या वाटेस जोडणारी चांगली व वेळेवर धावणारी गाडी प्रत्येक तालुक्यातून सोडावी. कायद्याच्या १४ व्या कलमानुसार वाट कोठून द्यावी हे ठरविण्याचा अधिकार देणाऱ्यास आहे, परंतु ती घेणाऱ्यास वाजवी सोयीची असली पाहिजे, अशी अटही तेथेच घातलेली आहे. म्हणजे विमानच दिले पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. भरवशाची वाट दिली पाहिजे, हा मात्र आग्रह आहे.

याखेरीज एक दुसरे ऋण आहे आणि ते पहिल्याहून स्वतंत्र आहे. विमानतळासाठी सड्यावरील लोकांची जमीन घेतली गेली. कोणाची काजूची बाग गेली, कोणाची गुरे चारण्याची जागा गेली. ती घेताना त्यांस जे सांगण्यात आले त्याचा सारांश एवढाच होता की, या त्यागामुळे तुमचा जिल्हा जगाशी जोडला जाईल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात असे तत्त्व मांडले की, सरकारने दिलेल्या वचनावर विसंबून एखाद्याने आपली स्थिती बदलली असेल तर सरकारला ते वचन सहजासहजी झटकता येणार नाही. चिपीच्या जमीनमालकास या तत्त्वाचा लाभ न्यायालयात मिळेल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. प्रत्येक भाषण हे कायद्याच्या दृष्टीने वचन ठरत नाही. नीतीच्या न्यायालयात मात्र पुराव्याचे नियम सौम्य असतात आणि तेथे हा दावा आम्हांस भक्कम दिसतो. मोबदल्याची रक्कम जमिनीची किंमत फेडते, विश्वासाची फेडीत नाही.

आता शेवटी दूरस्थांच्या बाजूने बोलताना दूरस्थांनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. हक्क मागणाऱ्याने आपली गरज सचोटीने सांगितली पाहिजे. विमानतळ हा पुढाऱ्याच्या मिरवणुकीसाठी किंवा जिल्ह्याच्या प्रतिष्ठेसाठी हवा असेल, तर ती मागणी ऋणाची नसून दागिन्याची आहे. या विमानतळास बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, घेतला. वेंगुर्ल्यात जन्मलेला, १९५७ पासून राजापूरचे प्रतिनिधित्व करणारा आणि १९७१ मध्ये बेळगावात देह ठेवणारा तो थोर संसदपटू गोव्याच्या मुक्तीसाठी आणि सीमाभागासाठी आयुष्यभर बोलला. ज्यांचा आवाज राजधानीपर्यंत पोहोचत नाही त्यांचे गाऱ्हाणे तेथे नेणे, हे त्याच्या जीविताचे सार होते. त्याचे नाव धारण करणाऱ्या जागेवर केवळ फलक उभा राहिला आणि वाट बंद राहिली, तर तो त्याचा गौरव होणार नाही. वाट चालू असेल तेव्हा तिचा उपयोग करणे, ती स्वच्छ व वक्तशीर राहावी म्हणून आग्रह धरणे आणि आपल्याहून आडबाजूच्या वाडीस आपण स्वतः वाट देतो की नाही हे पाहणे, ही दूरस्थांची कर्तव्ये होत. जिल्ह्याने मुंबईकडे विमान मागावे आणि गावाने धनगरवाड्याची पाऊलवाट अडवावी, हे एकाच तोंडाने शोभत नाही.

त्याच वेंगुर्ले तालुक्यात आरवलीस श्रीदेव वेतोबाचे स्थान आहे. तेथे भक्त देवास भल्यामोठ्या चपला अर्पण करतात, हे आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले आहे. देव रात्री गावाच्या सीमेवर फिरून राखण करतो आणि त्यामुळे त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग ज्याने त्याने आपल्यापुरता ठरवावा. तिच्यातील नीती मात्र सर्वांना पटण्यासारखी आहे. राखणदाराचे काम देवळाच्या चौकात संपत नाही, ते सीमेवरच्या शेवटच्या घरापाशी जाऊन पुरे होते. सरकारच्या कारभाराची परीक्षा घेणाऱ्याने राजधानीतील प्रासाद पाहू नयेत. त्याने सीमेपर्यंतच्या वाटा चालू आहेत की बंद, तेवढे पाहावे आणि बंद असतील तर त्या कोणी व कोणत्या अधिकाराने बंद केल्या, असे विचारावे. असे विचारणे ही याचना नाही. वाटपात आपल्या वाट्यास आतला तुकडा आला, तरी आपण त्याच घरचे आहोत, याची ती आठवण आहे.